चिठ्ठी का पोचली नाही? रोमिओ-ज्युलिएटचं 'वेस्ट साइड स्टोरी' कसं झालं

जुनी शोकांत प्रेमकथा घेऊन नवं संगीत नाटक करायचं म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं काम सोपंय. गोष्ट तयार आहे, पात्रं तयार आहेत, फक्त गाव बदला, कपडे बदला, मधेमधे गाणी टाका आणि शेवटी दोघांना मारा. फसलेली रूपांतरं बहुतेक अशीच केलेली असतात. अवघड काम असतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते कुठे असतं हे समजून घ्यायला मला 'वेस्ट साइड स्टोरी'इतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही. १९५७ सालचं ब्रॉडवेचं म्युझिकल, शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'वर बेतलेलं. संगीत लेनर्ड बर्नस्टीन, गाण्यांचे शब्द स्टीफन सॉन्डहाइम, संवाद आर्थर लॉरेंट्स, आणि मूळ कल्पना, दिग्दर्शन, नृत्य असं सगळं जेरोम रॉबिन्स.

मला जे सांगायचंय ते एवढंच, की रूपांतर करणाऱ्यासमोरचा मोठा प्रश्न 'शेवट काय ठेवायचा' हा नसतोच, ते दोघं मरतात *का* हा असतो. ते 'का' जुन्या काळाचं असेल तर गोष्टही जुनीच राहते, मग तुम्ही नायकाला जीन्स घाला नाहीतर हातात मोबाईल द्या.

आता मुळात रोमिओ आणि ज्युलिएट मरतात का? सगळे पटकन सांगतील, दोन घराण्यांच्या वैरामुळे. पण नाटक नीट वाचलं तर शेवटचा धक्का वैराने दिलेलाच नाहीये. ज्युलिएट औषध घेऊन मेल्यासारखी पडणार, ती खरी मेलेली नाही हे सांगणारी चिठ्ठी फ्रायर लॉरेन्स हा साधू हद्दपार होऊन मँटुआला गेलेल्या रोमिओकडे पाठवणार, असा प्लॅन आहे. चिठ्ठी नेणारा दुसरा साधू वाटेत आपल्या एका सोबत्याला गाठायला जातो, तो सोबती आजारी लोकांना भेटत असतो, आणि शहराचे तपासनीस प्लेगच्या संशयावरून त्या दोघांना घरात कोंडून दार सील करतात. चिठ्ठी जात नाही. रोमिओला फक्त ज्युलिएट गेल्याची बातमी कळते, तो विष घेतो, ती उठते, त्याला पाहते आणि खंजीर खुपसून घेते. म्हणजे सगळं एका क्वारंटाइनमुळे! शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना हे पटण्यासारखं होतं, त्यांच्या आयुष्यात प्लेग खरोखरच असा येऊन सगळे बेत उधळून जायचा. नशीब, ग्रह-तारे, अपघात हे त्यांच्या जगातलं खरंखुरं कारण होतं.

शेक्सपिअरनेही ही गोष्ट स्वतः रचलेली नाही. त्याच्या आधी आर्थर ब्रूकचं १५६२चं लांबलचक इंग्रजी काव्य होतं, त्याच्याही आधी इटालियन कथा होत्या. ब्रूककडे महिनोन् महिने चाललेली गोष्ट शेक्सपिअरने चार-पाच दिवसांत आवळली, आणि हा त्याचा सगळ्यात जबरदस्त बदल आहे, कारण घाई हेच मग त्या नाटकाचं इंजिन झालं. जुन्या इटालियन कथांमध्ये ज्युलिएट रोमिओ मरायच्या आधीच जागी होते आणि दोघांचं शेवटचं बोलणं होतं. शेक्सपिअरकडे ते होत नाही. पण पुढच्या लोकांना तो मोह काही आवरला नाही. अठराव्या शतकात डेव्हिड गॅरिकने इंग्लंडच्या रंगभूमीवर थडग्यातला निरोपाचा प्रसंग घातला. बेलिनीच्या १८३०च्या ऑपेरात आणि गुनोच्या १८६७च्या ऑपेरातही ती वेळेत उठते, कारण साधं आहे, ऑपेराला शेवटी दोघांनी मिळून गायलेलं गाणं हवं असतं आणि एक जण मेलेला असेल तर ते कसं होणार? रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हने तर १९३५ साली बॅले लिहिताना आधी सुखाचा शेवट केला होता, त्याचं म्हणणं जिवंत माणसं नाचू शकतात, मरणारी माणसं आडवी पडून नाचू शकत नाहीत. नंतर त्याला तो बदलावा लागला. हे सगळे मोठे कलावंत, पण बघा, सगळे थडग्यापाशीच खटपट करताहेत. चिठ्ठीकडे कोणी फारसं लक्ष देत नाही.

कारणाला हात लावणं म्हणजे काय ते आपल्याला खरं तर चांगलं माहितीय, फक्त आपण त्याच्याकडे रूपांतर म्हणून बघत नाही. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला भर दरबारात सरळ नाकारतो, त्याला सगळं आठवत असतं, नंतर आकाशवाणी झाल्यावर म्हणतो की लोकांची खात्री पटावी म्हणून केलं. कालिदासाने यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. गोष्ट तीच, नाकारणं तेच, पण नाकारण्याचं कारण बदललं आणि दुष्यंत वेगळा माणूस झाला, शकुंतलेचं दुःखही वेगळं झालं. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' केलं ते कालिदासाच्या शाकुंतलावरून, महाभारतातल्या गोष्टीवरून नाही. मराठी संगीत नाटकाची ओळख ज्या नाटकापासून सांगितली जाते, ते स्वतः असं रूपांतराचं रूपांतर आहे.

आता न्यूयॉर्क. १९४९ साली रॉबिन्सने बर्नस्टीनपुढे कल्पना मांडली की रोमिओ-ज्युलिएट आजच्या न्यूयॉर्कमध्ये करू या. तेव्हा नाव होतं 'ईस्ट साइड स्टोरी', एक बाजू कॅथलिक, दुसरी ज्यू, ईस्टर आणि पासओव्हरचे दिवस. थोडं काम झालं आणि थांबलं. त्यांच्या लक्षात आलं की हे भांडण आधीच रंगभूमीवर वापरून गुळगुळीत झालंय, बघणाऱ्याला त्यातून जीव जाईल असं वाटतच नाही. १९५५ साली लॉरेंट्स आणि बर्नस्टीन कॅलिफोर्नियात भेटले, तेव्हा पेपरात तिथल्या तरुणांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्यांच्या बातम्या होत्या, आणि एकदम कल्पनेत जीव आला. न्यूयॉर्कमध्येही हेच चालू होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पुएर्तो रिकोमधून हजारो कुटुंबं विमानाने न्यूयॉर्कला येत होती. पुएर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, म्हणजे कायद्याने हे परके नव्हतेच, तरी त्यांना 'परत जा' म्हणणारे होते, आणि म्हणणारे कोण, तर एक-दोन पिढ्यांपूर्वी स्वतः बाहेरून आलेल्यांची पोरं. हे वैर नुसतं आजचं होतं असं नाही, त्याला दात होते.

मग पात्रं बसवायचं काम. रोमिओचा टोनी झाला, ज्युलिएटची मारिया, मर्क्युशिओचा रिफ, टिबॉल्टचा बर्नार्डो जो मारियाचा भाऊ आहे, दाईची अनिता जी बर्नार्डोची प्रेयसी, फ्रायरचा डॉक नावाचा औषधाच्या दुकानाचा म्हातारा मालक. दोन घराण्यांच्या जागी दोन टोळ्या, टोनी-रिफची जेट्स आणि पुएर्तो रिकोच्या बर्नार्डोची शार्क्स. बाल्कनीच्या जागी इमारतीच्या बाहेरचा लोखंडी जिना, आग लागली तर उतरायचा. या जोड्या लावणं मजेचं आहे पण तेवढं कोणीही हुशार माणूस एका संध्याकाळी करेल. जास्त विचार करून केलेली गोष्ट मला ही वाटते की आईबाप जवळजवळ काढूनच टाकले. शेक्सपिअरकडे ज्युलिएटचा बाप तिला धमकावतो, लग्न लावायला निघतो, आई आहे, पार्टी आहे, सगळं घर आहे. इथे आईबाप स्टेजवर दिसत नाहीत. मोठी माणसं म्हणजे दोन पोलीस, नाचाच्या कार्यक्रमाला आलेला एक भाबडा समाजसेवक आणि डॉक, आणि यातला एकही उपयोगाचा नाही. त्यामुळे वैर घराण्याकडून वारशात आलेलं राहत नाही, ते रस्त्यावर पोरांनी पोरांमध्ये वाढवलेलं होतं, आणि मोठ्यांनी ते वाढू दिलेलं.

आणि आता चिठ्ठी. १९५७च्या न्यूयॉर्कमध्ये मेल्यासारखं झोपवणारं औषध कोणाला पटणार? ते गेलं. प्लेगही गेला. राहिला फक्त एक निरोप, जो टोनीपर्यंत पोचायला हवा आणि पोचत नाही. तोपर्यंत काय झालंय बघा. मारामारीत बर्नार्डोने रिफला मारलंय, टोनीने बर्नार्डोला मारलंय (पहिला अंक दोन प्रेतं स्टेजवर ठेवून संपतो, ब्रॉडवेच्या म्युझिकलमध्ये हे तेव्हा मोठंच धाडस होतं). मारियाला पोलिसाने चौकशीसाठी अडवून ठेवलंय, म्हणून ती अनिताला विनवते की तू जाऊन टोनीला सांग, मला उशीर होतोय, थांब. अनिताचा माणूस त्याच टोनीच्या हातून मेलाय, काही तासच झालेत, तरी ती जाते. ही जागा मला सगळ्या नाटकात सर्वात मोठी वाटते. ती डॉकच्या दुकानात पोचते, तिथे जेट्सची पोरं असतात, तिला आत जाऊ देत नाहीत, तिच्या रंगावरून, बोलण्यावरून टोमणे मारतात, मग अंगाला हात लावतात, प्रकरण बलात्कारापर्यंत जायच्या बेतात असताना डॉक येऊन थांबवतो. अपमानाने पेटलेली अनिता जो निरोप द्यायला आली होती तो देत नाही. ती सांगते, चीनोने (शार्क्समधला, मारियाशी ज्याचं लग्न ठरवलंय तो) मारियाला गोळी घालून मारलं, सांगा तुमच्या टोनीला.

बस. टोनी वेड्यासारखा रस्त्यावर पळत चीनोला ओरडून सांगतो की मलाही मार, तेवढ्यात त्याला मारिया जिवंत दिसते, तो तिच्याकडे धावतो आणि चीनोची गोळी त्याला लागते.

निरोप पोचला नाही हे दोन्हीकडे सारखंच. पण तिथे तो नशिबाने अडवला आणि इथे द्वेषाने, तोही डोळ्यांदेखत, आपल्याला त्या पोरांची गाणी ऐकून ती आवडायला लागलेली असताना. शेक्सपिअरच्या नाटकात मला ती चिठ्ठी कायम थोडी सैल वाटते, इतका मोठा डोलारा आणि शेवटी तो एका योगायोगावर? लॉरेंट्सने तो सैल खिळा काढून तिथे नाटकाचा मुख्य विषयच ठोकून बसवला. आधीच्या शंभर-दोनशे वर्षांत थडग्यापाशी चाललेल्या सगळ्या खटपटीपेक्षा हा एक बदल जास्त खोल आहे.

आता संगीताचं बघू, कारण नुसत्या संवादांत हे करून चाललं असतं तर म्युझिकल कशाला? घरी हार्मोनियम असेल किंवा फोनवर कीबोर्डचं अ‍ॅप असेल तर सा, तीव्र म, प हे तीन स्वर वाजवा. कुठलाही सा धरा. हे झालं 'मारिया' गाण्यातलं तिचं नाव, मा-रि-या. सा ते तीव्र म या अंतराला पाश्चात्त्य संगीतात ट्रायटोन म्हणतात, आणि त्याच्या अस्वस्थपणामुळे त्याला सैतानाशी जोडायची तिकडे जुनी रीत आहे. आपल्या कानाला यमनमुळे तीव्र म ओळखीचा आणि गोडही आहे, पण तानपुरा चालू ठेवून त्याच्यावर नुसतं थांबून बघा, तो पंचमाकडे ओढतो, तिथे बसवत नाही. बर्नस्टीनने सगळं नाटक या ओढीवर बांधलंय. 'मारिया'मध्ये तो स्वर पंचमावर पोचतो आणि जीव शांत होतो. 'कूल' नावाच्या गाण्यात, जिथे जेट्सची पोरं राग दाबून धरताहेत, सुरुवातीला तेच तीन स्वर त्याच क्रमाने येतात, पण ताल, आवाज, सगळं असं की तुम्हाला भीती वाटेल. आणि सुरुवातीच्या नाचात टोळीची जी खुणेची शिट्टीसारखी धून आहे ती खालचा प, सा, तीव्र म अशी जाते आणि तीव्र म वरच थांबते, पंचम येतच नाही. प्रेम आणि मारामारी एकाच स्वरांतून काढलीय. ऐकणाऱ्याला हे कळायची गरज नाही, पण त्याच्या कानाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून झालेलं असतं की या गोष्टीत दोन्ही वेगळं करता येणार नाहीये.

आणखी एक बारीक गोष्ट. शेक्सपिअरकडे रोमिओ आणि ज्युलिएट पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात ते बोलणं मिळून चौदा ओळींचं सॉनेट होतं, दोघांनी वाटून घेतलेलं. रंगमंचावर ऐकताना ते कोणाच्या लक्षात येत नसेलही, पण बोलण्याचा पोत एकदम बदलतो. म्युझिकलमध्ये ही दोघं जिममधल्या नाचाच्या वेळी भेटतात, धांगडधिंगा एकदम विरतो आणि हलका चा-चा सुरू होतो, आणि त्या चा-चाची धून म्हणजे पुढे येणारं 'मारिया'. टोनीला तिचं नावही अजून माहीत नाही आणि वाद्यं ते वाजवताहेत. सॉनेटचं काम सुरांना देणं हे मला खरं रूपांतर वाटतं, ओळी भाषांतर करून गाण्यात कोंबण्यापेक्षा कितीतरी पुढचं.

'अमेरिका' हे गाणं तालासाठी ऐका. सहा मात्रांचं आवर्तन एकदा तीन-तीन असं पडतं, दादऱ्यासारखं, आणि लगेच पुढचं दोन-दोन-दोन असं. मात्रा तेवढ्याच, फोड वेगळी, त्यामुळे पाय आपोआप हलतो. गाणं वादावरचं आहे, पुएर्तो रिको बरं की न्यूयॉर्क, आणि ताल सुद्धा दोन बाजूंनी ओढल्यासारखा चालतो. हा ताल मुळात मेक्सिकोच्या वापांगो या नृत्यसंगीतातला आहे, पुएर्तो रिकोचा नाही, त्यावर पुढे येतो.

पण म्युझिकल हा प्रकार नाटकापेक्षा जास्त काय करू शकतो हे बघायचं असेल तर मारामारीच्या आधीचं 'टुनाइट'चं पंचगान. जेट्स गाताहेत आज रात्री त्यांना धडा शिकवू, शार्क्स तेच म्हणताहेत, अनिता बर्नार्डो लढून आल्यावर आपल्याकडे येईल याची वाट बघतेय, टोनी आणि मारिया रात्र लवकर व्हावी म्हणून आतुर आहेत. पाच बाजू, एकच रात्र, प्रत्येकाची वेगळी, आणि सगळे एकाच वेळी. संवादाच्या नाटकात पाच जण एकदम बोलले तर गोंगाट होईल, गाण्यात ते एकमेकांत बसतात आणि आपल्याला वरून सगळा नकाशा दिसतो की हे सगळे एकाच ठिकाणी आपटणार आहेत. आपल्या संगीत नाटकातलं पद बऱ्याचदा वेळ थांबवतं, एक भाव घेऊन गायक तो फुलवत नेतो, वन्स मोअर घेतो आणि प्रेक्षक त्यासाठीच आलेला असतो, ते त्याचं सामर्थ्य आहे. इथे गाणं उलट वेळ पुढे ढकलतं. 'टुनाइट' संपतं तेव्हा मारामारी टळणं अशक्य झालेलं असतं.

नाचाबद्दल थोडक्यात, कारण ते वाचण्यापेक्षा बघायचं असतं. सुरुवातीच्या प्रसंगाला आधी शब्द लिहिले होते, ते काढून टाकून रॉबिन्सने सगळं वैर नाचातून मांडलं, चुटक्या, चाल, अचानक उडी. तालमीत तो जेट्स आणि शार्क्सच्या नटांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचा म्हणजे तेढ खरी वाटावी, नाचाला जास्त वेळ हवा म्हणून तालमी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, आठ आठवडे चालल्या. लॉरेंट्सने पोरांच्या तोंडी घातलेले रस्त्यावरचे शब्द बरेचसे स्वतः बनवलेले आहेत, कारण खरी स्लँग दोन वर्षांत शिळी होते.

शेवटाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. मारियाने मरायचं की नाही यावर बराच खल झाला. आधी तिनेही मरावं असं चाललं होतं. संगीतकार रिचर्ड रॉजर्सने सल्ला दिला की एवढं सगळं झाल्यावर ती मेलेलीच आहे, वेगळं मारायची गरज नाही. म्हणून मारिया जगते. टोनीच्या प्रेताशेजारी उभी राहून ती चीनोची बंदूक हातात घेते आणि सगळ्यांवर रोखते, तुम्ही सगळ्यांनी त्याला मारलंत म्हणते, आता माझ्यातही तेवढा द्वेष आहे म्हणते, आणि तिच्याच्याने गोळी झाडवत नाही. हे भाषण लॉरेंट्सने मुळात गाण्यासाठीचा कच्चा मजकूर म्हणून लिहिलं होतं, बर्नस्टीनने त्याला चाल लावायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि जमेना. शेवटी ते बोललेलंच राहिलं. दोन-अडीच तास जिथे प्रत्येक भावनेला सूर मिळाला तिथे सगळ्यात मोठ्या क्षणी गाणं गप्प. मग दोन्ही टोळ्यांची पोरं मिळून टोनीला उचलतात, आणि शेवटच्या स्वरांत वर सा-ग-प असा शांत मेळ वाजत असताना खाली खर्जात तोच तीव्र म ऐकू येतो.

२६ सप्टेंबर १९५७ला ब्रॉडवेवर पडदा उघडला, ७३२ प्रयोग झाले. १९६१च्या सिनेमाला दहा ऑस्कर मिळाले. म्हणजे सगळं बरोबर होतं का? तर नाही, आणि हे सांगितलं नाही तर लेख खोटा ठरेल. चौघेही करणारे ज्यू, न्यूयॉर्कच्या नाट्य-संगीतविश्वात मुरलेले, आणि पुएर्तो रिकोचं आयुष्य त्यांना बाहेरूनच माहीत. सॉन्डहाइमने तर सुरुवातीला हेच कारण सांगून काम घ्यायला कां-कू केलं होतं. त्यामुळे जेट्सना नावं, विनोद, दुखणी सगळं मिळालं, शार्क्सना त्यामानाने फार कमी. मेक्सिकोचा ताल पुएर्तो रिकोच्या तोंडी गेला तो यातूनच. सिनेमात मारिया नताली वुडने केली, तिचा गाण्याचा आवाज मार्नी निक्सनचा, आणि शार्क्सच्या नटांना गडद रंग फासला, स्वतः पुएर्तो रिकोच्या असलेल्या रीटा मोरेनोलासुद्धा. द्वेषाने निरोप अडवला अशी गोष्ट सांगणाऱ्यांनी एका बाजूला नीट बोलूच दिलं नाही, ही त्या कलाकृतीची खरी उणीव आहे आणि तिच्यावर प्रेम असलेल्यांनीच ती आधी मान्य करायला हवी.

म्हणून पुढे रूपांतराचंही रूपांतर झालं. २००९च्या ब्रॉडवे प्रयोगात शार्क्सचे काही संवाद आणि गाणी स्पॅनिशमध्ये केली, त्यात लिन-मॅन्युएल मिरांडाने शब्द लिहिले. २०२१च्या स्टीव्हन स्पीलबर्गच्या सिनेमात स्पॅनिश संवादांना सबटायटल्सच ठेवली नाहीत. आणि तिथे पुन्हा एकदा कारणाला हात घातलाय. ज्या गल्ल्यांसाठी ही पोरं जीव घेताहेत त्या गल्ल्याच पाडायला काढलेल्या दाखवल्यात, लिंकन सेंटर हे कलासंकुल बांधण्यासाठी. हे खरं घडलेलं आहे, मॅनहॅटनचा तो भाग असाच साफ केला गेला, आणि जे लिंकन सेंटर उभं राहिलं तिथे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद गेला तेव्हा त्याचा संगीत दिग्दर्शक होता स्वतः बर्नस्टीन. दोन्ही टोळ्या बेघर होणार आहेत आणि तरी एकमेकांनाच मारताहेत, हे १९५७मध्ये नव्हतं.

डॉकच्या जागी या सिनेमात त्याची विधवा आहे, व्हॅलेंटिना, पुएर्तो रिकोची, आणि ती केलीय रीटा मोरेनोने, जिने १९६१मध्ये अनिता केली होती. 'समव्हेअर' हे गाणं नाटकात एक दुसरीच मुलगी गाते, जुन्या सिनेमात टोनी आणि मारिया गातात, इथे ते व्हॅलेंटिनाला दिलंय. आणि दुकानात नव्या अनिताला, म्हणजे आरियाना डिबोसला, पोरं घेरतात तेव्हा येऊन थांबवते तीही हीच. साठ वर्षांपूर्वी त्या घोळक्यात जी सापडली होती तीच आता त्या पोरांना सुनावते. निरोप मात्र तेव्हाही दिला जात नाही. दोघींनाही अनितासाठी ऑस्कर मिळालं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर १९५७च्या मूळ नटसंचाचं रेकॉर्डिंग घ्या, कॅरल लॉरेन्स, लॅरी कर्ट आणि अनिता म्हणून चिता रिवेरा. आधी 'मारिया' आणि 'कूल' लागोपाठ ऐका, मग 'टुनाइट'चं पंचगान हेडफोन लावून, आणि सिनेमा त्यानंतर.